‘ओक’चा स्मृतिफलक : सर्वनामांच्या अंगाने

हवामानबदलामुळे मनास होणाऱ्या क्लेशाची चर्चा बहुधा मानसशास्त्राच्या परिभाषेत केली जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या अहवालात त्यास पर्यावरणीय विनाशाची चिरकालीन भीती असे म्हटले आहे. व्याख्या उपयुक्त खरी. पण तीत भीती आहे, शोक नाही, आणि ती भीतीही एकेकट्या मनाची आहे. गेलेल्याचा शोक व जाऊ घातलेल्याची चिंता ही दोन्ही चारचौघांत बोलून दाखविणारी भाषा कशी असते, हे आइसलँडमधील एका फलकावरून पाहता येईल.

तेथील ओक पर्वतावरील हिमनदी १९०१ च्या नकाशानुसार सुमारे ३८ चौरस किलोमीटर पसरली होती. हिमनदी म्हणवून घेण्यास बर्फ स्वतःच्या भाराने सरकावा लागतो. तेवढी जाडी उरली नाही, म्हणून ओडुर सिगुरडसन या हिमनदीतज्ज्ञांनी २०१४ मध्ये ती मृत ठरविली. १८ ऑगस्ट २०१९ रोजी, राइस विद्यापीठातील सायमीन हाउ व डॉमिनिक बॉयर या मानवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने, तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. मजकूर आन्द्री स्नाइर मॅग्नासन या लेखकाचा असून तो आइसलँडिक व इंग्रजीत आहे.

प्रथम नाव पाहू. ‘ओक्योकुल’ हा समास. ‘योकुल’ म्हणजे हिमनदी. हिमनदी गेली तसे समासाचे उत्तरपदही गळाले आणि नुसता ‘ओक’ उरला. (आइसलँडिक ‘ओक’ म्हणजे जू, संस्कृत ‘युग’ व आपले ‘जू’ हे त्याचेच सगोत्र होत.)

फलक म्हणजे भविष्यकाळास लिहिलेले पत्र होय. पुढील दोनशे वर्षांत देशातील इतर हिमनद्याही याच वाटेने जातील असे सांगून, घडते आहे ते व करावयाचे ते ठाऊक असल्याची कबुली त्यात दिली आहे. ते केले की नाही, याचा निर्णय भावी वाचकावर सोपविला आहे. एम.ए.च्या वर्गात याचा अनुवाद करावयास घेतला, तेव्हा अडचण आली ती ‘वी’ या इंग्रजी सर्वनामाची. श्रोता त्यात आला की नाही, हे इंग्रजी वा आइसलँडिक सर्वनाम सांगत नाही. मराठीस ‘आम्ही’ व ‘आपण’ यांत निवड करावीच लागते. अखेरच्या वाक्यात जाब विचारणारा ‘तू’ पलीकडे उभा आहे, म्हणून तेथे ‘आम्ही’च हवे. पण त्याआधीच्या कबुलीत? एका विद्यार्थिनीने तेथे ‘आपल्याला ठाऊक आहे’ असे लिहिले व ते बदलण्यास ती तयार होईना. वाचणारी मी आजचीच आहे, मला बाहेर कसे ठेवता, असे तिचे म्हणणे. ते मला मान्य करावे लागले. आजचा वाचक कबुली देणाऱ्यांत असतोच. आणि पत्र त्याच्याच हाती पडल्यामुळे जाब विचारणाराही क्षणभर तोच होतो. इंग्रजीत ही फोड झाकलेली राहते.

फलकाच्या तळाशी कोरलेला ४१५ हा कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा आकडा मला सर्वांत दुबळा वाटतो. जाणकारास तो नवा नाही. इतरांस तो मुका. त्याहून मोठी उणीव अशी की, धुराड्यांचा धनी आणि मेंढपाळ या दोघांना हे ‘वी’ एकाच पंक्तीस बसविते. ‘आपण’नेही तो दोष टळत नाही. तरीही फलक सांत्वनाच्या भरीस पडत नाही, हा त्याचा गुण मोठा. मनात कोंडलेल्या भीतीला तो श्रोता मिळवून देतो, मग तो श्रोता अद्याप जन्मलेला नसला तरी चालते.

वर्गाच्या अनुवादात कबुलीच्या वाक्यात ‘आपण’ व अखेरच्या वाक्यात ‘आम्ही’ असेच ठेवले आहे. वाचताना तो सांधा खटकतो. पण तो गुळगुळीत करावा असे कोणालाच वाटले नाही.