कुटुंब दत्तक, पण घर बंद

मंडळी, मनोरला बोलायचं म्हणजे हायवे विसरून कसं चालेल? अपघातातला जखमी येतो, पट्टी होते, पुढे पाठवला जातो. पण आज आम्ही बोलणार आहोत ते बाकावर गप्प बसलेल्या रुग्णाबद्दल, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टराबद्दल.

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. त्यात 'एटकॉम' नावाचा भाग आला. वृत्ती, नीती आणि संवाद, एकूण २७ पाठ. हेतू चांगलाच आहे, आम्ही त्याची टिंगल करत नाही. आमची हरकत मोजपट्टीला आहे. माहीत आहे, कसं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतः करतो, अशी ती उतरंड. टाके घालायला ती उत्तम. पण आस्था 'करून दाखवता' येते का? परीक्षकासमोर खोटा रुग्ण बसवला की मुलं मान हलवतात, 'मला समजतंय' म्हणतात. गुण मिळतात!

ॲरिस्टॉटल हा वैद्याचा मुलगा. त्याने म्हणून ठेवलंय की सद्गुण कृतीच्या सवयीतून येतो. जे नुसत्या तत्त्वचर्चेत रमतात, ते वैद्याचं लक्ष देऊन ऐकून पथ्य मात्र न पाळणाऱ्या रुग्णासारखे. आता सवय लागायला वेळ हवा, आणि नेमका वेळच या मुलांकडे नाही. साडेचार वर्षांनंतर इंटर्नशिपचं एक वर्ष. त्यात पीजीच्या नीटची तयारी. वॉर्डात उभ्या मुलाच्या एप्रनच्या खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये प्रश्नसंच. दोष त्याचा नाही. रुग्णाशी बोललेली वीस मिनिटं रँकमध्ये कुठेच धरली जात नाहीत, हे त्याला पक्कं कळलेलं आहे.

एका दवाखान्यात आम्ही आमच्याच गुडघ्यासाठी बसलो होतो. शेजारी वारली आजी. इंटर्नने शुद्ध मराठीत, अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, किती दिवसांपासून त्रास आहे? आठ दिवस झाले का?" आजी म्हणाली, हो. "पंधरा दिवस?" हो. त्याने पंधरा लिहिलं. मग सिस्टर आली आणि म्हणाली, "आवणीच्या आधी होतं का गं आजी?" आजी एकदम बोलायला लागली. त्रास आवणीच्या आधीपासूनचा, म्हणजे दोन महिन्यांचा निघाला. खोकला पंधरा दिवसांचा की दोन महिन्यांचा, यावर पुढचं सगळं अवलंबून. पोरगा उद्धट नव्हता हो, संवादाच्या पाठात पास झालेलाच असणार. त्याला आवणी माहीत नव्हती, इतकंच.

कुणी म्हणेल, मग भगत बरा, तो घरादाराची चौकशी तरी करतो. नाही! साप चावलेल्या माणसाला भगताकडे बसवून ठेवलं की काय होतं, ते इथल्या प्रत्येक पाड्याला माहीत आहे. आम्हाला भगताची चौकशी हवी आणि डॉक्टरचं इंजेक्शनही हवं.

आता कुटुंब दत्तक योजना. २०२१-२२ च्या बॅचपासून प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. कल्पना सुरेख, आणि अगदी नवी नाही. सेवाग्रामला सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे प्रत्येक बॅच एक गाव घेते, मुलं गावात शिबिराला राहतात, पुढेही जात राहतात. राहणं आणि बसने येऊन जाणं यांत फरक आहे.

पण आपल्या भागात आणखी एक गोम आहे. भात झोडून झालं, दिवाळी सरली की पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोराबाळांसकट. जानेवारीत विद्यार्थी बीपीचं यंत्र घेऊन आला तर दाराला कडी. क्षयाचा कोर्स निदान सहा महिन्यांचा, आणि घरात माणूस असतो पावसाळ्यापुरता. दत्तक घेणारा घराचा पत्ता धरून बसलाय, कुटुंब भट्टीवर. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर कुटुंब म्हणजे एका जागी राहणारं कुटुंब होतं, असं आम्हाला वाटतं.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. लॉगबुकात हिमोग्लोबिनच्या शेजारी एक रकाना ठेवा: घर बंद असेल तर माणसं कुठे गेली, कोणत्या भट्टीवर, गोळ्या सोबत नेल्या का, तिथून जवळचा दवाखाना कोणता. आणि हे विचारायला विद्यार्थ्याने शेजारच्या घरी जाऊन बसावं. त्या बसण्याला गुण द्या.

समोर आशाताई बसल्यात, त्या केव्हाच्या मान हलवताहेत. आता माईक त्यांच्याकडे द्या.