नव्याण्णव रुपयांचे शहाणपण

किशोर बियाणींचे ‘इट हॅपन्ड इन इंडिया’ २००७ साली निघाले, किंमत रुपये ९९. म्हणजे पुस्तकालाही बाटाचा भाव! कन्हानच्या रद्दीवाल्याने मला ते दहा रुपयांत दिले. सवलतीवर सवलत!

पुस्तक मोठे चटकदार. चकचकीत दुकानात आपला माणूस बिचकतो, पण मालाचा ढीग दिसला की हात घालतो, हे बियाणींनी अचूक हेरले. २६ जानेवारी २००६ ला ‘सबसे सस्ता दिन’ केला, तर गर्दीपायी काही दुकानांची दारे लावावी लागली. त्या गर्दीत आम्हीही शोभलो असतो. दर बुधवारी सौभाग्यवतींसह नागपूरच्या बिग बझारला जायचे, साखरेत वाचवायचे आणि बसभाड्यात घालवायचे! परतताना पिशव्या गल्लीतल्या वाण्यापासून लपवायच्या, हा वेगळा व्यायाम.

पुस्तकात मला एकच उणीव जाणवली. खर्चाचा उत्साह उदंड, कर्जाची धास्ती मात्र बेताची. २०२० मध्ये टाळेबंदी आली, रिलायन्सशी ठरलेला सौदा ॲमेझॉनने कोर्टात अडवला, भाडी थकली आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. स्वस्ताई आमची, उधारी त्यांची!

त्याच टाळेबंदीत ‘आज नगद, कल उधार’ पाटीखाली बसणाऱ्या आमच्या वाण्याने दोन महिने वहीवर किराणा दिला. पिशव्यांचा विषय काढला नाही.

परवा त्याला पुस्तक दाखवले. उलटसुलट करून म्हणाला, “चांगलं आहे गुरुजी. पण यात उधारीचं पान कोणतं?”