कर्म आणि जबाबदारी

‘ज्याचें त्याचें कर्म’ असें म्हणून परदुःखाकडे पाठ फिरविण्यास कर्मसिद्धांताचा आधार आहे काय? ‘गीतारहस्यां’त (१९१५) टिळकांनीं कर्मविपाकाच्या प्रकरणांतच आत्मस्वातंत्र्याची बाजू मांडली आहे, पूर्वकर्म बांधतें, परंतु सुटण्याचा यत्न मनुष्याच्या हातीं आहे. बौद्धमतें हेतुपूर्वक केलेला संकल्प हेंच कर्म; तें वाहून नेणारा नित्य आत्मा मात्र नाहीं. तरीही परंपरागत बौद्ध पूर्वजन्मीचें कर्मफल मानितात. डॉ. आंबेडकरांनीं १९५७ सालीं निघालेल्या बुद्धधम्मावरील इंग्रजी ग्रंथांत तेंही नाकारिलें. त्या मतानें दीनांच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजावरून टळते, हा त्यांचा आक्षेप. टिळकांनीं भोगणाऱ्यास धीर दिला. पाहणाऱ्यास जाब आंबेडकरांनीं विचारिला. आमच्या मतें आज त्या जाबाचीच गरज अधिक आहे.