सांधलेली कंडरा आणि परतलेली चाल

ऑलिव्हर सॅक्स (१९३३-२०१५) या मज्जाविकारतज्ज्ञांचा ‘अ लेग टू स्टँड ऑन’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. आत्मवृत्त, रुग्णवृत्त आणि तत्त्वचिंतन या तिन्हींचे मिश्रण त्यात झालेले आहे. ते कितपत एकजीव झाले आहे, हा या ग्रंथाच्या मूल्यमापनातील मुख्य प्रश्न होय.

१९७४ साली नॉर्वेतील एका डोंगरावर एकटेच हिंडत असता समोर बैल दिसताच सॅक्स भयाने पळाले आणि कोसळले. डाव्या मांडीच्या पुढील स्नायूला गुडघ्याच्या वाटीशी जोडणारी कंडरा तुटली. लंडनमध्ये शस्त्रक्रिया होऊन ती सांधली गेली. शल्यविशारदाच्या लेखी प्रकरण मिटले. परंतु प्लास्टरमधील पाय रुग्णाला आपला वाटेनासा झाला. शरीरशास्त्राने दुरुस्त ठरविलेला अवयव अनुभवाला मात्र परका, ही विसंगती ग्रंथाचे बीज आहे.

‘चालण्यानेच उकल होते’ अशा अर्थाचे लॅटिन शीर्षक असलेले प्रकरण ग्रंथात सर्वांत सरस उतरले आहे. फिजिओथेरपिस्टांनी उभे केले असता सॅक्स यांना पाऊल कसे टाकावे हेच उमजत नाही. पायाचे आकारमान क्षणोक्षणी बदलते आहे असा त्यांना भास होतो. अशा वेळी मेंडेल्सनच्या व्हायोलिन कन्चेर्टोचे स्वर मनात उमटतात आणि हिशेबाने टाकावी लागणारी पावले लयीत पडू लागतात. हा प्रसंग चमत्कारासारखा असूनही कृत्रिम वाटत नाही; कारण पायाच्या परकेपणाचे तपशीलवार चित्रण त्यापूर्वी झालेले असते. येथे विचार अनुभवातूनच उमलतो.

शेवटच्या प्रकरणात हे संतुलन ढळते. कांटच्या आधाराने सॅक्स मज्जाशास्त्राच्या नव्या मांडणीकडे वळतात. निरीक्षक आणि निरीक्षित येथे एकच आहेत. अनुभव आणि ग्रंथाचे प्रकाशन यांत दहा वर्षांचे अंतर आहे. एवढ्या एका साक्षीवर सिद्धान्ताचा इतका भार पेलणे कठीण आहे. शिवाय रुग्णाचे न ऐकणारा शल्यविशारद हे पात्र एकेरी राहिले आहे. त्याने कंडरा नीट सांधली नसती, तर कोणत्याही संगीताने गुडघा सरळ झाला नसता. या ऋणाला ग्रंथात पुरेसे वजन मिळालेले नाही.

तथापि या उणिवांमुळे मूळ प्रश्न बाद होत नाही. कंडरा तुटलेली असो वा कूर्चा झिजलेली असो, शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती अंश वाकतो हे कोनमापकाने नोंदता येते. तो पाय रुग्णाला स्वतःचा वाटतो की नाही, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. ते उत्तर पुरावा म्हणून स्वीकारावे, ही सॅक्स यांची मागणी सिद्धान्तावाचूनही उभी राहते. आणि ती मान्य करावयास लावणे, हे या ग्रंथाचे खरे यश आहे.