व्हेर्तोव्हचा मूकपट आणि 'चित्रपटाची भाषा'

झिगा व्हेर्तोव्ह याचा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' हा सोव्हिएत मूकपट १९२९ मध्ये प्रकाशात आला, तेव्हा आयझेन्स्टाइनसारख्या समकालीनानेही त्यातील कॅमेऱ्याच्या करामती निर्हेतुक ठरविल्या. पुढे मात्र त्याची कीर्ती वाढतच गेली. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने २०१४ मध्ये घेतलेल्या मतदानात तो सर्वश्रेष्ठ अनुबोधपट ठरला. ही कीर्ती ज्या दाव्याच्या आधारे सांगितली जाते, तो दावा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर एक निवेदन येते. मजकुराच्या पाट्या, संहिता, नट व नेपथ्य यांवाचून केलेल्या या प्रयोगाचा हेतू, रंगभूमी व साहित्य यांच्या भाषेपासून सर्वस्वी अलग अशी चित्रपटाची आंतरराष्ट्रीय भाषा सिद्ध करणे हा होय, असे त्याचे सार. शब्दांचा त्याग शब्दांनीच जाहीर करावा लागला, ही विसंगती उघड आहे. परंतु खरा आक्षेप याहून खोल आहे. भाषेतील चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, म्हणूनच भाषा शिकावी लागते. घोड्याची प्रतिमा ओळखण्यास असे शिक्षण लागत नाही. मग अशा प्रतिमांच्या समूहास भाषा कोणत्या अर्थाने म्हणावे?

याचे उत्तर चित्रपटातच सापडते. धावता घोडा एकाएकी निश्चल होतो. संकलिका येलिझावेता स्विलोव्हा फिल्मच्या पट्ट्या निवडताना व जोडताना दिसते, आणि गोठलेले चेहरे पुन्हा सजीव होतात. विवाहनोंदणीला लागून घटस्फोट येतो, अंत्ययात्रेशेजारी जन्म येतो. मॉस्को, कीव्ह व ओडेसा येथे टिपलेली दृश्ये जोडून, प्रत्यक्षात कोठेही नसलेले एक नगर उभे राहते. सोस्यूरने पदाचे मूल्य इतर पदांशी असलेल्या संबंधांवरून ठरते असे प्रतिपादन केले. येथे दृश्याचे मूल्यही तसेच ठरते. म्हणजे या चित्रपटात शब्दसंग्रह नाही, पण वाक्यरचना आहे.

आणि ही वाक्यरचना निरुपद्रवी नव्हे. नसलेले नगर ती 'आहे' म्हणून सांगू शकते. व्हेर्तोव्हचे श्रेष्ठत्व असे की, ही जुळणी त्याने लपविली नाही. कॅमेरा, कात्री आणि प्रेक्षागृह या तिन्ही गोष्टी त्याने प्रेक्षकांसमोर मांडल्या. सार्वत्रिक भाषा त्यास सिद्ध करता आली नाही. त्याच्या निवेदनालाच प्रमाण मानून स्तुती करणारे समीक्षक त्याची खरी कामगिरी दृष्टिआड करतात. चित्रपट आपला अर्थ कसा घडवितो, हे त्याने चित्रपटातच उकलून दाखविले. त्याची कीर्ती टिकण्यास एवढे कारण पुरेसे आहे.