विभागबदलाच्या सूचनांची भाषा : वैजापूर तालुक्याच्या संदर्भात

ग्रामीण वस्तीची जमीन व्यापार वा उद्योग यांसाठी राखून ठेवण्याचा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्र व नगररचना या शास्त्रांच्या कक्षेतला मानला जातो. तथापि असा बदल प्रत्यक्ष भूमीवर दिसण्यापूर्वी भाषेत घडून गेलेला असतो. 'अमुक गटातील क्षेत्र शेती विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करणे' या धर्तीचे वाक्य शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकतींची मुदत त्या वाक्यापासून मोजली जाते. या वाक्याची व त्यामागील परिभाषेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या चिकित्सेसाठी वैजापूर तालुका निवडण्यास कारण आहे. नागपूर-मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, तर अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी वाहतुकीस खुला झाला. महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागांलगत नवनगरे वसवावीत, ही कल्पना या प्रकल्पाशी आरंभापासून निगडित आहे. आणि जांबरगाव व हडस पिंपळगाव येथील अशा जागा याच तालुक्यात येतात. सबब येथील जमिनीचे नवे नामकरण हा केवळ तात्त्विक विषय उरलेला नाही.

गावाची स्वतःची परिभाषा प्रथम पाहू. मराठी खेड्याने आपल्या भूमीचे दोन भाग केले : पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (1915) या ग्रंथात ही विभागणी ग्रामसंस्थेच्या विवेचनाचा पायाच आहे. हे दोन शब्द परस्परांच्या आधाराने अर्थ धारण करतात. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त पटवून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. शिवाय 'पांढरी' या शब्दात माती, घरे आणि त्यांत राहणारा समुदाय हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत. 'गावठाण' या शब्दातही 'स्थान' आहे. म्हणजे जेथे गाव ठरले, स्थिरावले, ती जागा.

आता शासकीय परिभाषा पाहू. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने 'अकृषिक' हा शब्द रूढ केला. घर, दुकान आणि कारखाना या तिन्ही गोष्टी त्यात सामावतात, कारण तिन्ही शेती नव्हेत. निषेधाने घडविलेल्या संज्ञेची ही मर्यादाच होय. त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली 'निवासी', 'वाणिज्य', 'औद्योगिक' असे विभाग योजिले जातात व नकाशावर त्यांस निरनिराळे रंग दिले जातात. व्याकरणाच्या दृष्टीने ही सारी विशेषणे एका पातळीवरची आहेत. एक काढून त्या जागी दुसरे घातल्यास वाक्य बिघडत नाही. जागेचा बदल ही किरकोळ दुरुस्ती आहे, असा समज दृढ होण्यास ही रचना हातभार लावते.

या परिभाषेत सर्वाधिक हानी होते ती शेतवस्तीची. वैजापूरच्या परिसरात गावठाण सोडून आपापल्या शेतात घर बांधून राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची जमीन नकाशावर 'शेती विभाग' या रंगात असते. ती औद्योगिक विभागात गेली, तरी सूचनेत घराचा उल्लेख येत नाही. चूल, गोठा, विहीर ही 'क्षेत्र' या एका शब्दात विरून जातात. कागदावर शेतीचा उद्योग होतो. प्रत्यक्षात एका वसतीचे अस्तित्वच पणास लागते.

सूचनेची वाक्यरचनाही विचारात घेण्याजोगी आहे. 'विभागातून' ही पंचमी आणि 'विभागात' ही सप्तमी मिळून गतीचा भास उत्पन्न करतात. जणू जमीनच एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे गेली. वस्तुतः जमीन जागेवरच असते आणि निघावे लागते तिच्यावरील माणसांना. परंतु त्यांच्यासाठी वाक्यात पद नाही. 'करण्यात येत आहे' या प्रयोगाने कर्ताही लोपतो. विकास योजनेतील फेरबदलासंबंधीचे अधिनियमाचे कलम 37 राजपत्रातील सूचनेनंतर हरकतींसाठी एक महिन्याची मुदत देते, तसेच बाधित व्यक्तींना सूचना देणे व त्यांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक मानते. कायद्यास ज्या व्यक्तींची जाणीव आहे, त्या सूचनेच्या वाक्यात मात्र नसतात. परिणामी वाचणाऱ्यास आपण बाधित आहोत हेच उमगत नाही, आणि महिना सरतो.

याविरुद्ध असे म्हणता येईल की, कायद्यास काटेकोर संज्ञाच हव्यात. 'पांढरी'ची हद्द न्यायालयात कशी सिद्ध करावयाची? आक्षेप रास्त आहे. अवर्षणाने गांजलेल्या तालुक्यास उद्योगांची गरज आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही. शिवाय परकी परिभाषा येथे नवी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता व जमिनीचा कारभार उर्दूत चाले. पुढे महाराष्ट्रात 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस अधिकृत स्थान दिले. परंतु लिपी व प्रत्यय मराठी झाले म्हणून कारभार रयतेच्या भाषेत आला, असे मानणे धाडसाचे ठरेल. ज्याला उर्दू येत नसे, त्याला आपणास समजत नाही एवढे तरी समजे; आजच्या सूचनेत प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ निसटतो.

संज्ञा बदलण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. सूचनेसोबत एक साधे निवेदन जोडावे, एवढेच सुचवावयाचे आहे. कोणते प्राधिकरण बदल करीत आहे, हे कर्तरी प्रयोगात सांगावे. गट क्रमांकासोबत शिवाराचे व वस्तीचे रूढ नाव द्यावे. त्या क्षेत्रात राहती घरे किती, हे नमूद करावे. आणि ते निवेदन ग्रामसभेत वाचून दाखवावे. अशा निवेदनांचा नमुना सिद्ध करणे हे विद्यापीठांतील भाषाविभागांना सहज शक्य आहे. जमीन कोणत्या कामी लावावी, याचा निर्णय आपल्या शास्त्राच्या अधिकारात येत नाही. पण ज्याच्या घराविषयी वाक्य लिहिले जाते, त्याला त्या वाक्यात स्वतःचे घर ओळखता आले पाहिजे, हे सांगण्याचा अधिकार मात्र निश्चित येतो.