‘चिन्मोकु’ : दीक्षेविना याजक झालेल्यांची कथा

शुसाकु एन्डो या जपानी कॅथलिक साहित्यिकाची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. ‘सायलेन्स’ या इंग्रजी अनुवादामुळे आणि पुढे २०१६ साली आलेल्या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटामुळे ती जगभर पोहोचली. तिच्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : खड्ड्यात उलटे टांगलेल्या श्रद्धावंतांची सुटका व्हावी म्हणून फादर रॉड्रिग्ज ख्रिस्तप्रतिमेवर पाय देतात, ते योग्य की अयोग्य? प्रश्न मोलाचाच आहे. परंतु तो विचारताना वाचकाची दृष्टी धर्मगुरूवर खिळते आणि ज्यांच्यासाठी तो सागर ओलांडून आला, ती माणसे पार्श्वभूमीत विरून जातात. आम्हांला ही कादंबरी त्या माणसांच्या बाजूने वाचावीशी वाटते.

जपानमध्ये १६१४ च्या आज्ञेने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. त्यानंतर सुमारे पाव शतकाने रॉड्रिग्ज आणि गार्पे तोमोगी गावी पोहोचतात, तेव्हा तेथे एकही धर्मगुरू नाही. तरीही ख्रिस्तसभा जिवंत आहे. ‘जीसामा’ नावाने ओळखला जाणारा वृद्ध स्नानसंस्कार देतो. ‘तोस्सामा’ प्रार्थना शिकवतात. रॉड्रिग्ज पत्रात या व्यवस्थेची कौतुकाने नोंद करतात, पण लेखकाची लेखणी तेथे फार काळ थांबत नाही.

ती थांबते मोकिची आणि इचिझो यांच्या मरणापाशी. प्रतिमेवर पाय देण्याची सक्ती झाल्यास काय करावे, असे विचारल्यावर रॉड्रिग्ज त्यांना पाय देण्यास सांगतात. ते देतातही. मात्र क्रुसावर थुंकण्याची आणि पवित्र मरियेची निंदा करण्याची आज्ञा होते, तेव्हा त्यांची जीभ रेटत नाही. समुद्रात रोवलेल्या खांबांना त्यांना बांधले जाते. भरती-ओहोटीच्या फेऱ्यांत त्यांचे प्राण जातात. मोकिची अखेरपर्यंत भक्तिगीत गातो. अर्पण हे याजकाचे मुख्य कर्म. संत पौल रोमकरांस सांगतो की, आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करावीत. या दोन गरीब ग्रामस्थांनी ते अक्षरशः केले. त्यांना कोणी गुरुदीक्षा दिली नव्हती. त्यांचे याजकत्व स्नानसंस्काराचे होते.

आमचा आक्षेप येथेच आहे. कादंबरीचा बराच पूर्वार्ध रॉड्रिग्ज यांच्या पत्रांचा आहे. त्यामुळे ग्रामस्थांची श्रद्धा आपल्याला धर्मगुरूच्या डोळ्यांनीच दिसते. जपान ही दलदल आहे, येथे ख्रिस्ती धर्माचे रोप कुजते, येथील लोक भलत्याच देवाला भजत होते, असा निकाल पतित फादर फेरेरा देतात. वादात बोलतात ते धर्मगुरू आणि अधिकारी. ज्यांच्या श्रद्धेचा हा निवाडा चालतो, त्यांना वादात स्थानच नाही. ईश्वराच्या मौनाविषयी या कादंबरीत पुष्कळ आहे. लेखकाने या लोकांवर लादलेल्या मौनाविषयी टीकाकारही फारसे बोलत नाहीत.

उत्तर इतिहासाने दिले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही ग्रामस्थ फादर पेतिजाँ यांच्याकडे आले, आपली श्रद्धा त्यांचीच आहे असे त्यांनी हळूच सांगितले आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. दोनशेहून अधिक वर्षे त्यांनी धर्मगुरूविना श्रद्धा जपली होती. ‘चोकाता’ सणांचे पंचांग सांभाळी, ‘मिझुकाता’ स्नानसंस्कार देई. फेरेरांच्या दलदलीत रोप तग धरून होते.

यावरून धर्मगुरूंची गरजच नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. या लोकांना मिस्साबलिदान नव्हते, पापनिवेदन नव्हते. मनोमन पश्चात्तापाच्या प्रार्थनेवर ते तगले. धर्मगुरू भेटल्यावर अनेक जण ख्रिस्तसभेत परतले, काही जण वेगळेच राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेवरील आपल्या दस्तऐवजात सांगितले की, श्रद्धावंतांचे याजकत्व आणि दीक्षितांचे सेवा-याजकत्व यांत स्वरूपाचाच भेद आहे, तथापि ती परस्परांसाठी आहेत. एन्डो यांना हे कळले होते, याची साक्ष कादंबरीच्या शेवटी मिळते. वारंवार घात करणारा किचिजिरो पतित रॉड्रिग्ज यांच्याकडे पापनिवेदनासाठी येतो. आपण आता धर्मगुरू नाही, असे ते म्हणतात; तो हटत नाही. येथे एक दुबळा प्रापंचिकच धर्मगुरूला त्याच्या दीक्षेची आठवण करून देतो. कादंबरीतील हा सर्वांत खोल क्षण आम्हांला वाटतो.

वसईकरांना नागासाकी परकी नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे क्रुसावर प्राण देणाऱ्या सव्वीस जणांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. ते फ्रान्सिस्कन ब्रदर होते, धर्मगुरू नव्हे. आणि त्या सव्वीसांपैकी सतरा जण जपानी प्रापंचिक होते. त्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो. मात्र फादर आल्याखेरीज गावची रोझरी सुरू करायला धजावत नाही आणि मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणे हे फक्त फादरांचेच काम समजतो. आम्ही धर्मगुरूही ही सवय मोडण्याची घाई करीत नाही, कारण ती आम्हांला सोयीची आहे. रॉड्रिग्ज यांनी पाय द्यावा की न द्यावा, यावर वाद घालणे सोपे आहे. उद्या आपल्या धर्मग्रामात धर्मगुरू उरला नाही, तर जीसामा कोण होईल, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘चिन्मोकु’ मिटताना वाचकाने तो स्वतःला विचारावा.